इकोला आतून नमदा लावून सोळा महिने झाले

आमची गाडी पुस्तकांची आहे. पांढरी मारुती इको कार्गो, म्हणजे मालवाहू व्हॅन. परभणीहून निघायचं, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड असं करत शाळांमध्ये प्रदर्शन लावायचं, उशीर झाला तर गाडीतच पथारी टाकायची. कार्गो गाडीला मागच्या बाजूला उघडा पत्रा असतो. त्यावर गठ्ठे घासून कव्हरांचे कोपरे मुडपतात. उन्हाळ्यात पत्र्याला टेकलेली पुस्तकं इतकी तापायची की बाइंडिंगचा गोंद मऊ पडायचा. थंडीत वेगळाच त्रास. डिसेंबरात आमच्याकडं पारा एक आकडी होतो. आत दोघं झोपलो की श्वासाची वाफ गार छतावर जमायची आणि पहाटे थेंब गळायचे. एका पहाटे कवितासंग्रहांचा अख्खा गठ्ठा भिजला, त्या दिवशी बायको म्हणाली, "आता आधी छताचं बघा, पुस्तकं नंतर आणा."

गाडीला आतून लावायच्या कापडाला दुकानात कार्पेट म्हणतात, कुशनवाले नमदा म्हणतात. पॉलिस्टरचे तंतू सुयांनी टोचून टोचून एकजीव केलेलं कापड, विणकाम नाही. घेताना एकच बघायचं: उभं आणि आडवं, दोन्हीकडं ताणलं जातं का. घरात टाकायचा गालिचा या कामाला अजिबात घेऊ नका. त्याची पाठ कडक असते, वळणावर बसत नाही, आणि छताला लावला तर स्वतःच्याच वजनानं लोंबतो. सुती किंवा तागाचंही नको, ते पाणी धरून ठेवतं आणि कुबट वास सुटतो. मी दोन मीटर पन्ह्याचा साडेपाच मीटर घेतला, फिकट राखाडी. गडद रंगानं आतली जागा अंधारी वाटते आणि पुस्तकांची नावं वाचता येत नाहीत.

काम गेल्या वर्षी फेब्रुवारीत केलं. सीट कव्हर शिवणारे एक चाचा आहेत, ओळखीचे, त्यांच्याकडं. आधी पत्रा पॉलिश पेपरनं घासला, गंजाच्या दोन ठिपक्यांवर रेड ऑक्साइड मारलं, मग थिनरच्या फडक्यानं पुसून घेतला. या पुसण्यात आळस करू नका. बोटाचं तेल जरी राहिलं तरी तिथं गोंद धरत नाही. त्यावर बंद छिद्रांच्या, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या, फोमची शीट चिकटवली आणि फोमवर नमदा. बाजूंचं काम सुरेख झालं. मागच्या चाकांवरच्या फुगवट्यावर चाचांनी एकही सांधा न देता नमदा बसवला. हीट गननं ऊब देत, तळहातानं खाली ओढत, सुरकुती दिसली की परत थोडा उचलून. त्या एका फुगवट्याला पाऊण तास लागला. मी शेजारी बसून बघत होतो, आजही तिथं हात फिरवला की त्यांचीच आठवण येते.

छताला मात्र माझी घाई नडली. चाचा म्हणाले होते, "भाऊ, वरचा गोंद वेगळा लागतो, उष्णता सोसणारा. तो उद्या येईल. घाई नगा करू." मला दुसऱ्या दिवशी सकाळी मानवतच्या शाळेत पोचायचं होतं. बाजूंना वापरलेला साधा रबरी गोंदच छताला मारायला लावला.

मार्चभर काही झालं नाही. एप्रिलच्या मध्यात मधोमध एक पोट सुटलं, वाटीएवढं. हातानं दाबलं की चिकटायचं, दुपारी परत सुटायचं. कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे रोजी असतो, तिथं आम्ही गाडी लावतो. त्या दुपारी मी मागचं दार उघडलं तर छताचा अर्धा नमदा फोमसकट पुस्तकांवर उतरलेला. पत्र्यावर गोंदाचे पिवळे धागे लोंबत होते, मधासारखे. बोट लावलं तर ओढले जात होते. उन्हात पत्रा तापतो, गोंद वितळतो, आणि छतावर सगळं वजन खालीच ओढणारं असतं. बाजूंना तोच गोंद आजपर्यंत टिकलाय, कारण तिथं पत्रा इतका तापत नाही आणि वजन उभं उतरतं. तेव्हा बाजूंना कोणता गोंद लावायचा यावर फार डोकं लावू नका. सगळी काळजी छतासाठी राखून ठेवा.

जूनमध्ये छत परत केलं. जुना गोंद खरवडण्यातच एक दिवस गेला. या वेळी उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट गोंद, पत्र्याला आणि फोमला, मग फोमला आणि नमद्याला, प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना. लावल्यावर लगेच चिकटवायचं नाही. बोटाची पाठ टेकवली तर ओली लागू नये, पण किंचित धरावी, इतका वेळ थांबायचं. पहिल्यांदा आम्ही ओल्यावरच दाबलं होतं, तीही चूक. हा गोंद एकदा भिडला की सरकत नाही, म्हणून नमदा मधून दुमडून आधी मधली रेघ टेकवली, नंतर पुढं आणि मागं, मधून कडेकडं हात फिरवत. भाचा दुसरं टोक धरून उभा होता. एकट्यानं छत होत नाही. चारही कडांना दोन-दोन बोटं जास्तीचा सोडला आणि दुसऱ्या दिवशी कटरनं छाटला. गोंदाचा वास डोक्यात जातो, सगळी दारं उघडी ठेवा, आणि आसपास कुणाला विडीकाडी पेटवू देऊ नका, त्या वाफा पेट घेतात.

खर्च सांगतो. पहिल्या खेपेला सगळं धरून ९,००० च्या आसपास, छत परत करायला आणखी २,५००. हे २,५०० वाचले असते.

आता फरक. सगळ्यात मोठा फरक आवाजाचा. रिकाम्या पत्र्याची गाडी खडीवर गेली की डबा वाजल्यासारखी वाजते. आता आम्ही दोघं पुढं बसून साध्या आवाजात बोलतो. पावसाचा छतावरचा ताशा गेला, नुसती सर ऐकू येते. कव्हरं घासत नाहीत. एक फायदा मला आधी ठाऊकच नव्हता: वेल्क्रोची काटेरी बाजू या नमद्याला सरळ चिकटते. बॅनर, किमतीच्या पाट्या, टॉर्च, मुलांनी दिलेली चित्रं, सगळं भिंतीवर, एकही भोक न पाडता.

उष्णतेचं खरं सांगायचं तर नमद्यानं गाडी थंड होत नाही. पत्र्याचा चटका आणि डोक्यावरची धग गेली, ती मुख्यतः फोममुळं. नुसता नमदा लावला असता तर फार थोडा फरक पडला असता. आणि ऊन पुढच्या काचेतून येतंच. बंद करून उन्हात उभी केली की गाडी तापणारच. काचेला आतून चकचकीत पडदा लावतो, त्याचा उपयोग होतो.

थंडीतलं गळणं थांबलं. पण हिवाळा संपल्यावर एक कोपरा मुद्दाम उचलून बघितला, कारण वाफ नमद्यातून आरपार जाते आणि मागं पत्रा गार असतो. फोम जिथं सलग चिकटला होता तिथं पत्रा नव्यासारखा. मागच्या दाराशी मात्र आम्ही फोमचे दोन तुकडे जोडताना बोटभर फट सोडली होती. तिथं फटीच्याच आकाराची तांबूस रेघ उमटली होती. फट ठेवू नका, आणि दारांच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात ती झाकू नका.

त्रास धुळीचा आहे. आमची काळी माती चिकट, वाळली की पिठासारखी. ती तंतूंत बसते आणि फडक्यानं निघत नाही, व्हॅक्यूमच लागतो. पंधरा दिवसांतून एकदा ब्रश लावून ओढतो. दुसऱ्या खेपेला गोंदाचा वास तीन आठवडे राहिला, आणि कागद वास धरतो, म्हणून तितके दिवस पुस्तकं गाडीत ठेवली नाहीत. शाळांना सुट्टी असताना हे काम काढलं तर बरं पडतं.

यंदा १८ मे रोजी गाडी त्याच जागेवर, त्याच उन्हात लावली होती. दुपारी छताला चारही कोपऱ्यांत आणि मधोमध तळहात दाबून बघितलं. कुठंही पोट नव्हतं. मागच्या दाराची ती फट तेवढी भरायची राहिलीय. परवा चाचांकडं जाणार आहे, या वेळी गाडी दोन दिवस तिथंच ठेवीन.