भोसरी-चाकणमध्ये विक्री शिकताना : तंत्रज्ञ संस्थापकांसाठीच्या एका अभ्यासक्रमाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीन किती वेळ चालले, किती वेळ बंद राहिले आणि कशामुळे बंद राहिले याची नोंद आपोआप ठेवणारी प्रणाली आम्ही पुण्यात बनवतो. आम्ही दोघेही संस्थापक अभियंते असून व्यवसाय सुरू करण्यापूर्वी दोघांपैकी कोणीही विक्रीचे काम केलेले नव्हते. गेल्या वर्षी आम्ही तांत्रिक पार्श्वभूमीच्या संस्थापकांसाठीचा एक सशुल्क ऑनलाइन विक्री-अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यावर लगेच अभिप्राय लिहिण्याचे मी टाळले, कारण औद्योगिक ग्राहकाच्या बाबतीत पहिल्या भेटीपासून पीओ, म्हणजे लेखी खरेदी-ऑर्डर, हातात पडेपर्यंत महिने जातात आणि शिकलेल्यापैकी काय टिकले हे त्यानंतरच कळते. संस्थेचे नाव देत नाही, कारण अशा बहुतेक अभ्यासक्रमांचा गाभा एकच आहे आणि माझे म्हणणे त्या गाभ्याविषयी आहे.

सर्वाधिक उपयोग झाला तो प्रश्न विचारण्याच्या शिस्तीचा. नील रॅकहॅम यांच्या चमूने बारा वर्षांत सुमारे ३५,००० विक्रीभेटींचा अभ्यास करून मांडलेली आणि १९८८ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ‘स्पिन’ पद्धत येथे सविस्तर शिकवली गेली. आधी ग्राहकाची परिस्थिती समजून घ्यायची, मग अडचण विचारायची, त्या अडचणीचे परिणाम त्याच्याच तोंडून येऊ द्यायचे आणि उपायाची गरजही त्यालाच मांडू द्यायची, असा तिचा क्रम आहे. अभियंत्याला हा क्रम लवकर पटतो, कारण बिघाडाचे मूळ शोधताना तो हेच करत असतो. कठीण जाते ते उत्तराची वाट पाहणे. समोरच्याने अडचण सांगितली की आपल्या प्रणालीतील नेमके वैशिष्ट्य आठवते आणि लॅपटॉप उघडण्याचा मोह होतो. म्हणून अभ्यासक्रमाने घातलेला नियम, की पहिल्या भेटीत डेमो दाखवायचाच नाही, आम्ही आजही पाळतो.

चाकणमधील एका मशीन शॉपमध्ये प्लांट मॅनेजरना आम्ही विचारले, “मशीन किती वेळ बंद होतं, हे तुम्हाला कसं कळतं?” ते म्हणाले, “रजिस्टर आहे ना, प्रत्येक शिफ्टला भरलं जातं.” आम्ही पुढे विचारले, “ते नंतर कोण बघतं, साहेब?” त्यांनी सुपरवायझरकडून रजिस्टर मागवले आणि आमच्यासमोर पाने उलटली. बंद वेळेच्या जवळजवळ सगळ्या नोंदी पंधरा, तीस किंवा साठ मिनिटांच्या होत्या आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘सेटिंग’ एवढेच लिहिलेले होते. कोणतेही मशीन बरोबर तीस मिनिटे बंद राहत नाही, हे त्यांना आम्ही सांगण्याची गरज पडली नाही. शिफ्टअखेर आठवून भरलेल्या या आकड्यांवर आपण महिन्याचे नियोजन करतो, हे वाक्य त्यांनी स्वतः उच्चारले, आणि मालकांशी पुढची भेटही त्यांनीच ठरवली. आमच्या सादरीकरणातील कोणत्याही स्लाइडने एवढे काम केले नसते.

दुसरा मोठा भाग होता तो खरेदीचा निर्णय नेमका कसा होतो हे शोधण्याचा. त्यासाठी ‘मेडिक’ ही चौकट वापरली गेली. ती १९९० च्या दशकात पीटीसी या अमेरिकी कंपनीत आकाराला आली. याच कंपनीचे प्रो-इंजिनिअर हे डिझाइन सॉफ्टवेअर, म्हणजे आताचे क्रिओ, आपल्याकडच्या डिझाइन विभागांना चांगले परिचित आहे. फायदा आकड्यांत किती, पैशाचा अंतिम निर्णय कोणाचा, निकष कोणते, प्रक्रिया काय, दुखणे कोणते आणि आतून आपली बाजू कोण मांडणार, ही सहा उत्तरे यादीत प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे लिहून ठेवायची असतात. ही नोंद ठेवू लागल्यापासून आमच्या यादीतील ‘लवकरच होईल’ प्रकारच्या कितीतरी ग्राहकांपुढे निर्णय घेणाऱ्याचे नावच नाही, हे स्पष्ट दिसू लागले आणि त्यांच्यामागे जाणारा वेळ वाचला. मात्र या चौकटीतला निर्णय घेणारा एकच असतो, आणि भोसरीतील घरच्या कारखान्यात तसे क्वचितच असते. मुलगा अभियंता असतो, त्याला प्रणाली आवडते. चेकवर सही वडिलांची असते. आणि तीन कोटेशनची तुलना करणारा परचेस विभाग दोघांच्या मध्ये असतो. त्यामुळे आम्ही तो एक रकाना तोडून त्याचे तीन केले आहेत.

किमतीबाबतचे शिक्षण आम्हाला सर्वात कमी उपयोगी पडले. संपूर्ण मांडणी दरमहा, दर वापरकर्ता शुल्काची होती. आमच्या ग्राहकाला दर मशीन एकरकमी किंमत आणि त्यावर एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, समजतो, कारण मशीन, कॉम्प्रेसर आणि यूपीएस तो असेच घेतो. दरमहा शुल्काचा विषय निघाला की चर्चा प्रणालीच्या उपयोगावरून हटून ‘हे कायमचं मागे लागणार का’ या शंकेवर जाते. याच प्रकरणातील एक सल्ला मात्र मोलाचा ठरला: चाचणी मोफत द्यायची नाही आणि ती यशस्वी कधी मानायची हे आधी लेखी ठरवायचे. ‘आधी लावा, पैशाचं नंतर बघू’ असे म्हणणाऱ्यांपैकी काहींनी या अटीवर नकार दिला. ज्यांनी अॅडव्हान्स दिला त्यांनी चाचणीच्या काळात आपला माणूस आमच्यासोबत उभा केला, आणि चाचणी पुढे सरकते ती त्या माणसामुळे.

वसुलीवर एकही सत्र नव्हते, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) म्हणून आलेल्या तरतुदीमुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून या मुदतीपेक्षा उशीर करणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. हे आम्हाला आमच्या सीएंकडून कळले. आता उद्यम क्रमांक कोटेशनवर आणि बिलावर छापलेला असतो आणि पैशांची मुदत पीओमध्येच लिहून घेतली जाते. भारतीय संस्थापकांना विक्री शिकवताना व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून मिळणारा क्रमांक), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल पास होण्याचा प्रवास वगळणे योग्य नाही, कारण वस्तू विकली गेली तरी व्यवसाय चालतो तो बँकेत जमा झालेल्या रकमेवर.

कोल्ड ईमेलच्या, म्हणजे अनोळखी ग्राहकाला थेट ईमेल पाठवण्याच्या, सत्रांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. आमच्या क्षेत्रात ओळखीच्या ग्राहकाचा एक फोन त्याहून पुढे जातो.

संस्थापकाने स्वतः पुरेशी विक्री केल्याशिवाय विक्री-प्रतिनिधी नेमू नये, यावर शिक्षकांचा विशेष भर होता आणि आम्ही तो सल्ला मानला. अलीकडेच आम्ही पहिला प्रतिनिधी नेमला. तो याआधी कटिंग टूल्स विकत असे, त्यामुळे शॉप फ्लोअरची भाषा त्याला आमच्याहून चांगली येते. त्याला हवे होते ते आमच्या ग्राहकांचे आक्षेप आणि त्यांवर काय बोलले गेले याची नोंद. गेल्या काही महिन्यांत भरलेली ती सहा प्रश्नांची पाने, हरलेल्या ऑर्डरींच्या कारणांसह, आम्ही पहिल्याच दिवशी त्याच्या हाती दिली आणि पहिल्या आठवड्यात त्याला दुसरे काहीही वाचायला दिले नाही.