तिन्ही बाजूंना साडेअकरा सेंटिमीटर, आणि माझे ८५,३०० रुपये

एकूण ८५,३०० रुपये गेले. स्पीकरच्या कॅबिनेटच्या जोडीचे ५२,०००, ‘एज किट’चे १८,५००, मोजमाप आणि ट्यूनिंगचे १२,००० आणि सांगलीपर्यंत पोचवायचे २,८००. त्यातले ४०,००० यूपीआयने आगाऊ, ३०,००० रोख, आणि उरलेले १५,३०० माल दारात उतरल्यावर, टेम्पोवाला घाई करत असताना. आतली स्पीकर युनिटं माझीच होती, म्हणजे मी जे विकत घेतलं ते नुसतं खोकं!

कुणी म्हणेल, खोक्याला एवढे कशाला? शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, तिथल्या सतारमेकरांच्या तंबोऱ्यांचा नाद ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्या जवारीची, म्हणजे तारेच्या त्या झंकाराची, झिलई घरात तशीच ऐकू यावी, एवढीच हौस. त्यात मी अगदीच अडाणी नव्हतो. आरसीए या अमेरिकन कंपनीतल्या हॅरी ऑल्सन यांनी एकच युनिट बारा आकारांच्या खोक्यांत घालून मोजलं आणि ते १९५१ साली छापून आलं, हे मला माहीत होतं. गोल चेंडूसारखं खोकं सगळ्यात सरळ, आणि चौकोनी ठोकळ्याच्या बरोबर मधोमध युनिट बसवलं की आवाजाचा आलेख वरखाली, हेही. नेमकं हेच ही खोकी विकणारा माणूस बोलला. सांगलीत भाड्याच्या हॉलमध्ये डेमो होता, आमच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळातल्या एकानेच बोलावलेलं. समोरचा माणूस ऑल्सनचं नाव घेतो म्हटल्यावर मी विश्वास नको ठेवू?

डेमो कसा झाला ते ऐका. आधी साधं खोकं, मग ‘एज’वालं, म्हणजे कडा गोल केलेलं. दोन्हींच्या मध्ये त्याचा हात व्हॉल्यूमच्या बटणावर. नुसता एखादा डीबी (डेसिबल, आवाजाच्या मोठेपणाचं माप) जास्त असला तरी कानाला तेच सरस वाटतं, हे या धंद्यातलं पोरगंही जाणतं. पण अंधारलेला हॉल, समोर तानपुरा लागलेला, कोण बटणाकडे बघतो? कापडाची जाळी काढून दाखवा म्हटलं तर म्हणाला, “काका, धूळ जाईल, हे पीस गिऱ्हाइकाचे आहेत.” जाळी न काढणारा विकणारा दिसला की पाकीट खिशातच ठेवा.

आणि मग तो क्षण. आठवला की अजून हात शिवशिवतात. मी विचारलं, “खालच्या सुरांचे सहा डीबी कुठं जातात? त्याचं काय केलंय?” ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी: हजार हर्ट्झची लाट ३४ सेंटिमीटरची असते, शंभर हर्ट्झची साडेतीन मीटरची. लहान लाटेला खोक्याची पुढची फळी भिंतीसारखी वाटते, म्हणून उंच सूर पुढेच जातात. मोठी लाट फळीला वळसा घालून मागे निघून जाते. खोक्याच्या मागे उभं राहून ऐका, ठेका ऐकू येतो आणि झांज गायब. २३ सेंटिमीटर रुंद फळीत ही उतरण साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सुरू असते. ती फळीच्या रुंदीमुळे होते. तिची भरपाई करायची तर आतल्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे उंच-खालचे सूर वेगवेगळ्या युनिटांना वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, कॉइल-रेझिस्टर घालावा लागतो.

तो हसून म्हणाला, “काका, आमची एज ते सगळं परत आणते.”

सहा मिलिमीटर गोलाईची कड ६८ सेंटिमीटरच्या लाटेला परत आणणार! तिथेच उठायला हवं होतं. पण आजूबाजूची माणसं माना डोलावत होती, आणि आपल्याहून त्याला जास्त कळत असेल असं वाटणं काही गुन्हा नाही.

घरी आल्यावर एका युनिटला खरखर आली म्हणून जाळी काढली. गोलाई होती ती जाळीच्या चौकटीला चिकटवलेल्या पट्टीला. तिच्या आड एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या) फळीची कड सुरीसारखी सरळ. वर त्या चौकटीची दोन सेंटिमीटरची आतली भिंत ट्वीटरच्या, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या युनिटच्या, चारी बाजूंनी उभी, म्हणजे जिथे कड नव्हती तिथे याने आणखी एक कड करून विकली. ‘एज किट’ म्हणजे दाराच्या फटीला लावतात ती काळी फोमची पट्टी, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. क्रॉसओव्हर उघडला, त्याला हातही लावलेला नव्हता.

आणि ट्वीटर कुठे? डाव्या कडेपासून साडेअकरा सेंटिमीटर, उजव्या कडेपासून साडेअकरा, वरूनही साडेअकरा. ध्वनी फळीवरून सरकत कडेला पोचतो, तिथे त्याला अचानक मोकळी जागा मिळते, आणि कडेतून उलट्या दाबाची एक क्षीण लाट उशिरा आपल्याकडे येते. तिन्ही कडा सारख्या अंतरावर असल्या की तिन्ही लाटा एकदमच येतात. साडेअकरा सेंटिमीटरचा उशीर म्हणजे १,५०० हर्ट्झला फुगवटा आणि ३,००० हर्ट्झला खाच. गळ्याची आणि तारेची सगळी जान याच पट्ट्यात. ट्वीटर जरा एका बाजूला सरकवला असता, तर हा दोष विखुरला गेला असता आणि खर्च शून्य. एका ओळखीच्या पोराने मोजणीचा माईक लावून दाखवलं, खाच बरोबर तिथेच. विकणाऱ्याने दिलेला आलेख मात्र वीस हर्ट्झपासून पट्टीने ओढल्यासारखा, आणि डाव्या-उजव्या स्पीकरचा हुबेहूब एकच. दोन स्पीकरचे आलेख केसभरही वेगळे नसतील तर समजा, ते मोजलेले नाहीत. बाजूच्या अक्षावर एका घरात किती डीबी धरलेत तेही बघा. पन्नास धरले की डोंगरही सपाट दिसतो.

आता पोलिसांचं. ठाणे अंमलदार म्हणाले, “काका, स्पीकर वाजतोय ना? मग फसवणूक कसली?” मी आलेख पुढे केला. त्यांनी तो उलटा धरला. साहेब आल्यावर म्हणाले, हा दिवाणी मामला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे हो, म्हटलं, तर “वकील आहात का?” अर्जाची पोच मागितली तर शिपाई म्हणे झेरॉक्स संपलाय. रोख ३०,००० ची पावती कुठे? अहो, रोखीत दिलंत तर कर वाचेल असं त्यानेच सांगितलं होतं आणि असं सगळेच करतात! फोनवर तक्रार नोंदवायला गेलो तर यादीत ‘बिघाड’ होता, ‘बदली’ होता, खोटं बोलून विकल्याचा पर्यायच नव्हता. विकणाऱ्याने कळवलं, ‘उत्पादन चालू स्थितीत आहे’, आणि तक्रार बंद. एका वकिलाने २०,००० मागितले. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे ध्यानात ठेवा: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. हे मला कुठल्याही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. पैसे दिल्याचा पुरावा मात्र लागतो. तेव्हा बिल घ्या, कर भरा.

तक्रार मी टाकली आहे. कॅबिनेटना आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी दोन्ही बाजूंना जाड गोल लाकूड लावून दिलं, मजुरीसकट १,४०० रुपयांत. उंच सुरांत फरक पडलाय, ३,००० ची खाच बऱ्यापैकी आहेच.

तो माणूस आता कऱ्हाडला डेमो लावणार असं कळलंय. जाणार असाल तर खिशात मोजपट्टी न्या, जाळी काढायला लावा, आणि व्हॉल्यूमच्या बटणावर आपला माणूस बसवा.