टिन व्हिसल आणि आयरिश बंडाची गाणी: आठ महिन्यांनंतर

पितळी टिन व्हिसल (बासरीसारखं छोटं आयरिश वाद्य), डी स्केलची, घेऊन आठ महिने झाले. नळीला सहा भोकं, तोंड प्लास्टिकचं. शिट्टीसारखी सरळ फुंकायची असल्याने सूर पहिल्याच दिवशी निघतो; वरचं सप्तक मात्र महिनाभर नुसतं किंचाळत होतं. पंधरा मिनिटं वाजवलं की व्हिसलच्या तोंडात वाफेचं पाणी साचून आवाज घोगरा होतो, मग झटकायची. माझी जरा चढी लागत होती. तोंडाकडची बाजू गरम पाण्यात धरली, गोंद सुटला, तोंड किंचित बाहेर ओढलं आणि जुळली.

घेतली ती आयरिश बंडाच्या गाण्यांसाठीच. तिसऱ्या महिन्यात ‘द वेअरिंग ऑफ द ग्रीन’ बसलं. मग ‘द रायझिंग ऑफ द मून’ काढायला घेतलं, तर बोटं आपोआप पुढे पळायला लागली. चाल तीच! दोन्ही गाण्यांत ब्रिटिशांविरुद्धचा १७९८चा उठाव, पण दुसऱ्याचे शब्द जॉन कीगन केसीने १८६०च्या दशकात, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीच्या फेनियन चळवळीच्या काळात लिहिले. तेव्हा कळलं की ही गाणी इतकी झपाट्याने का पसरली असतील. चाल आधीच लोकांच्या तोंडात होती, शिकायचे ते फक्त नवे शब्द.

‘द फॉगी ड्यू’चंही तसंच. एप्रिल १९१६मध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावावरचं हे गाणं चार्ल्स ओनील या पाद्र्याने लिहिलं, तेही जुन्या चालीवर. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत साम्राज्यासाठी मरण्यापेक्षा आयर्लंडच्या आकाशाखाली मरणं बरं, असं ते सांगतं. हजारो आयरिश तरुण तेव्हा ब्रिटिश सैन्यात होते, म्हणून ही ओळ फार लागते. (त्याच एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, ‘होमरूल’ हा शब्दही आयर्लंडचाच.)

‘केव्हिन बॅरी’ वाजवताना मात्र मी अडखळतो. १ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात फाशी गेलेला अठरा वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी. ज्या हल्ल्यासाठी फाशी झाली त्यात तीन ब्रिटिश सैनिक मेले, तेही पोरंच. गाण्यात ती नाहीत. तरी मी ते वाजवतो, कारण एका पोराला फाशी देऊन सरकारने काय गमावलं हे त्या गाण्याइतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही.

शिकायचं असेल तर ही व्हिसल जरूर घ्या, फक्त दार लावून वाजवा, वरचे सूर फार टोचतात. सध्या ‘बूलाव्होग’ हे १७९८च्याच उठावावरचं गाणं चालू आहे. संथ आहे, तिसऱ्या ओळीत माझा दम अजून संपतो.