राजाचं लग्न आणि घटनेचा पेच: एडवर्ड घ्यायचा की लिओपोल्ड?

या विषयावर बोलायचं किंवा प्रोजेक्ट करायचं म्हटलं की बहुतेक जण इंग्लंडच्या आठव्या एडवर्डकडे वळतात, मीही आधी तेच केलं. नंतर बेल्जियमच्या तिसऱ्या लिओपोल्डकडे आलो. आमच्या वाचनालयात दोघांवर बोलून झालंय, म्हणून अनुभव सांगतो.

एडवर्डचा मोठा फायदा म्हणजे गोष्ट आटोपशीर आहे. १६ नोव्हेंबर १९३६ ला तो पंतप्रधान बाल्डविनना सांगतो की मी वॉलिस सिम्पसन या घटस्फोटित बाईशी लग्न करणारच, ३ डिसेंबरला ब्रिटिश पेपर तोंड उघडतात आणि ११ ला राज्यत्यागाचा कायदाही होतो. शिवाय १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईत उतरलेला आणि ज्याच्या स्वागत-बहिष्कारावरून शहरात दंगल पेटली तो युवराज हाच, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना तो अगदीच परका वाटत नाही. आणि मला आजही भारी वाटणारी गोष्ट म्हणजे हा राज्यत्याग साउथ आफ्रिकेने १० डिसेंबरपासून धरला, ब्रिटनने ११ पासून आणि आयर्लंडने १२ पासून, म्हणजे मुकुट एक पण त्या दोन दिवसांत राजा कोण ते देशावर अवलंबून!

पण माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. भाषण संपल्यावर एक रिटायर्ड तलाठी काका उठले, हातात उघडी वही, आणि म्हणाले, "ते सगळं ठीक, पण राजानं कलम कोणतं मोडलं?" आता काय सांगणार, कलम नाहीच. १७७२ चा राजघराण्यातल्या लग्नांचा कायदा खुद्द राजाच्या लग्नाला लागू नव्हता, घटस्फोटितेशी लग्न करायला त्याला कायद्याने बंदीही नव्हती, सगळं उभंय ते राजाने मंत्र्यांचा सल्ला मानायचा या संकेतावर आणि चर्चच्या नाराजीवर. मी माझ्या परीने समजावलं, पण काकांनी काही न लिहिता वही मिटली आणि पुढचा अर्धा तास ती सिम्पसन बाई चांगली की वाईट यावरच गेला. पुन्हा एकदा बोललो तेव्हाही हेच.

लिओपोल्डच्या वेळी मी फळ्यावर आधी कलम १६ लिहिलं: नोंदणी लग्न आधी, धार्मिक विधी नंतर, ही बेल्जियमची १८३१ ची घटना. त्याखाली दोन तारखा. लिलियन बाल्सशी चर्चच्या विधीने लग्न ११ सप्टेंबर १९४१, नोंदणी ६ डिसेंबर. क्रम उलटा! काकांनी तिन्ही ओळी उतरवून घेतल्या. देश जर्मनांच्या ताब्यात, हजारो सैनिक कैदेत, त्याची पहिली बायको, १९३५ च्या अपघातात गेलेली लाडकी आस्ट्रिड राणी, लोकांच्या मनात अजून ताजी, आणि स्वतःला कैदी म्हणवणाऱ्या राजाचं लग्न लोकांना कळतं ते चर्चमध्ये वाचलेल्या कार्डिनलच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूच्या, पत्रातून. राग कुठून आला ते वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि इथे लोकांना विचारलं तरी गेलं. १२ मार्च १९५० चं सार्वमत, युद्धानंतर देशाबाहेरच राहिलेल्या राजाच्या परतीला जवळपास ५८ टक्के होकार, पण डचभाषक फ्लँडर्समध्ये ७२ आणि फ्रेंचभाषक वलोनियात जेमतेम ४२. तो परतला, संप पेटले, गोळीबारात माणसं गेली, शेवटी मुलाकडे अधिकार सोपवून १९५१ मध्ये राज्यत्याग. बहुमत मिळूनही राजा टिकला नाही, यावर आमच्याकडे रात्री दहापर्यंत चर्चा चालली.

एक मान्य करतो, तिथलं मूळ भांडण लग्नाचं नाही, राजाने २८ मे १९४० ला जर्मनांपुढे पत्करलेल्या शरणागतीचं आहे, लग्नाने त्यात तेल ओतलं. ते नीट सांगायला पंधरा मिनिटं जास्त लागतात, आणि मराठीत वाचायला मला तरी एडवर्डवरच जास्त सापडलं. दहाच मिनिटं मिळणार असतील तर एडवर्ड घ्या, वाईट नाही. तासभर असेल तर मी तरी लिओपोल्डच म्हणेन, फक्त कलम आणि तारखा आधी फळ्यावर लिहा, शरणागतीचं नंतर सांगा.