लॅनो काउंटीत मक्याचा फीडर: ऑगस्ट ते फेब्रुवारी या काळातील अनुभव

टेक्सासच्या हिल कंट्री भागात, लॅनो काउंटीतील एका खाजगी जमिनीवर आम्ही काही जण मिळून हरणांच्या शिकारीची लीज घेतो. गेल्या ऑगस्टमध्ये तेथे मक्याचे दाणे फेकणारा फीडर उभा केला आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत तो सतत वापरला. ऑस्टिन आणि ह्यूस्टनकडील मराठी मंडळींपैकी जे अलीकडे शिकारीकडे वळले आहेत, त्यांच्याकडून या यंत्राविषयी वारंवार विचारणा होते. दुकानात मिळणारी माहिती बहुतेक पिंपाच्या आकारापुरती आणि हमीच्या मुदतीपुरती असते, म्हणून पूर्ण हंगाम वापरल्यानंतरचे अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणांची शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. टेक्सासमधील परिस्थिती अगदी निराळी आहे. येथील सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी मालकीची असून पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या इतकी मोठी आहे की शिकार हा संख्या आटोक्यात ठेवण्याचा अधिकृत मार्ग मानला जातो. लॅनो गाव तर स्वतःला टेक्सासची हरीण-राजधानी म्हणवते. राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाचा परवाना, ठरलेला हंगाम आणि ठरलेली मर्यादा पाळावी लागते. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारविषयक शिक्षणाचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. खाजगी जमिनीवर मका टाकून हरणांना समोर आणणे या राज्यात कायदेशीर आहे. सर्व राज्यांत तसे नाही, आणि त्यामागचे कारण गंभीर आहे. त्याकडे पुढे येतो.

आमचा फीडर तीन पायांचा आहे. वर ५५ गॅलनचे पिंप, त्याच्या तळाशी नरसाळे, नरसाळ्याखाली मोटरवर फिरणारी तबकडी, सोबत टायमर, बॅटरी आणि ती भरणारे लहानसे सौर पॅनेल. ठरलेल्या वेळी तबकडी काही सेकंद फिरते आणि दाणे चहूबाजूंना विखुरते. पिंपात सुमारे सव्वातीनशे पाउंड, म्हणजे साधारण दीडशे किलो मका मावतो. प्रत्येक मोटरचा वेग आणि प्रत्येक नरसाळ्याचे तोंड वेगळे असल्याने एका सेकंदाला किती मका पडतो हे पत्रकावरून ठरवू नये. तबकडीभोवती मोठी पिशवी बांधून यंत्र पाच सेकंद चालवावे आणि पिशवीतला मका तोलावा; मग पिंप किती दिवस पुरेल याचा हिशेब बरोबर येतो आणि ते भरण्यासाठी शहरातून होणाऱ्या फेऱ्याही त्याप्रमाणे आखता येतात.

यंत्रातील सर्वांत कच्चा दुवा विजेचा आहे. ऑगस्टच्या उन्हात बॅटरी लवकर थकते, आणि डिसेंबरात सलग ढगाळ हवा राहिली की लहान पॅनेल तिला पुरेसे भरू शकत नाही. आमच्या टायमरच्या डबीचे रबर पहिल्याच मोठ्या पावसानंतर सैल झाले आणि आत ओल शिरली. विक्रेत्याने डबी बदलून दिली, पण तोपर्यंत ऑक्टोबरमधील महत्त्वाचा काळ निघून गेला होता. खारींनी वायरीही कुरतडल्या. वायरींवर लोखंडी लवचीक नळी चढवल्यापासून तो त्रास थांबला. ही नळी यंत्रासोबतच मिळायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. रकून (मांजराहून थोडे मोठे, रात्री फिरणारे प्राणी) तर तबकडीला हाताने फिरवून रात्रभर मका काढतात, त्यामुळे तबकडीभोवती जाळीचा पिंजरा असलेला फीडरच घ्यावा. रकूनांना असा आयता मका मिळत राहिला, तर त्यांचा वावर त्याच जागी वाढतो आणि मग जवळपासच्या रानटर्कीच्या घरट्यांतील अंडी वाचणे कठीण होते. पिंजऱ्याचा खर्च म्हणूनच मला अत्यावश्यक वाटतो.

मक्याच्या दर्जाविषयी मी विशेष आग्रही आहे. दुष्काळी ताणात वाढलेल्या किंवा ओलसर साठवलेल्या मक्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढून अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. आपल्याकडे शेंगदाण्याच्या बाबतीत हे नाव अनेकांनी ऐकलेले असेल. माणसांच्या अन्नासाठी अमेरिकेत त्याची मर्यादा एक अब्ज भागांत २० भाग इतकी आहे. हरणांपेक्षाही बटेर आणि टर्की यांना ते अधिक घातक ठरते, आणि फीडरखाली पडलेला मका हे पक्षी हमखास वेचतात. दाणा डोळ्यांना स्वच्छ दिसला म्हणून तो निर्विष असतोच असे नाही. तपासणीचा उल्लेख पोत्यावर छापलेला असेल तरच पोते उचलावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. पिंपाचे झाकण घट्ट बसते की नाही हे प्रत्येक फेरीत पाहावे. नरसाळ्याच्या तोंडाशी मक्याचा भुसा आणि ओल मिळून घट्ट थर बसतो, तो खरवडून काढला नाही तर मोटर फिरत राहते आणि दाणा मात्र पडत नाही.

आता हरणांविषयी. मक्यात प्रथिने जेमतेम आठ-नऊ टक्के असतात, बाकी बहुतांश पिष्ट. शिंगांच्या वाढीसाठी आणि पाडसांना पाजणाऱ्या माद्यांसाठी सुमारे १६ टक्के प्रथिनांचा आहार लागतो, म्हणून मका टाकून हरणे धष्टपुष्ट होतील ही समजूत सोडून द्यावी. मका हा त्यांचा आवडता खाऊ आहे, त्यांचे पोषण नव्हे. हरीण रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातील जीवाणू पाला, कोवळ्या फांद्या आणि रानटी वनस्पती पचवण्यासाठी सरावलेले असतात, आणि सवय नसताना एकदम भरपूर मका खाल्ला तर पोटातील आम्ल वाढून प्राणी दगावूही शकतो. आम्ही सुरुवातीला दिवसातून दोनदा, अगदी थोड्या सेकंदांसाठी दाणा टाकला आणि तो वेळ हळूहळूच वाढवला. पिंप जमिनीवर मोकळे करून ढीग घालण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती मला सर्वथा चुकीची वाटते.

सप्टेंबरात हरणांना मोटरच्या आवाजाची सवय झाली. घरघर सुरू झाली की माद्या आणि त्यांची त्या वर्षीची पाडसे काही मिनिटांतच झाडीतून बाहेर येत. ऑक्टोबरात मात्र लाइव्ह ओकची फळे गळू लागली आणि फीडरखालचा मका जवळजवळ तसाच पडून राहू लागला. ओकची फळे मुबलक असतील त्या वर्षी यंत्रावर कितीही खर्च केला तरी ती झाडीच हरणांना धरून ठेवते, हे नव्याने लीज घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. त्या आठवड्यांत आम्ही दाण्याचे सेकंद कमी केले आणि ओकच्या झाडांच्या वाटांवर लक्ष ठेवले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुख्य हंगाम आणि माजाचा काळ जवळपास एकत्रच आले. मोठे नर मक्यासाठी क्वचितच उजेडात येतात, पण फीडरजवळ माद्या असतील तर त्यांचा वास घेत झाडीच्या कडेने, वाऱ्याच्या खालच्या बाजूने फिरतात. उघड्या मैदानाकडे पाहत बसलेल्या शिकाऱ्याला ते दिसत नाहीत. जानेवारीत ओकची फळे संपली, थंडी वाढली आणि फीडरवर पुन्हा नियमित गर्दी झाली.

फीडरजवळच्या कॅमेऱ्यांत उमटलेली एक गोष्ट मराठी वाचकांना नक्कीच जवळची वाटेल. आमच्या फीडरवर रात्री चितळांचा कळप येत असे, तेच पांढऱ्या ठिपक्यांचे चितळ जे ताडोब्यात आणि पेंचमध्ये आपण पाहतो. १९३२ मध्ये टेक्सासमध्ये भारतीय चितळ आणले गेले, पुढे ते कुंपणांबाहेर पडले आणि आज हिल कंट्रीत मोकळे हिंडतात. काळवीटही याच प्रदेशात आणले गेले. आपल्या रानात वाघाचे भक्ष्य असलेला चितळ हा प्राणी येथे परका ठरतो. तो गवतही खातो आणि पालाही, त्यामुळे दुष्काळात स्थानिक हरणांपेक्षा तग धरतो. येथे त्याच्या शिकारीला बंद हंगाम नाही. लहानपणापासून संरक्षित म्हणून ओळखलेला प्राणी दुर्बिणीत दिसल्यावर माझे मन अडखळते, हे मी मोकळेपणाने सांगतो. परंतु मी टाकलेला मका स्थानिक हरणांच्या स्पर्धकाला बळ देत असेल, तर त्या प्रश्नाकडे भावनेपुरते पाहून चालत नाही. जमीनमालकांशी बोलून आम्ही रात्रीचे दाणे पूर्ण बंद ठेवले आणि टायमर सूर्योदयानंतर व सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी लावला.

रानडुकरांचा प्रश्न याहून मोठा आहे. टेक्सासमध्ये त्यांची संख्या २० लाखांहून अधिक असल्याचे मानले जाते आणि मक्याचा वास त्यांना लांबून खेचतो. एक कळप एका रात्रीत फीडरभोवतीची जमीन उकरून टाकतो, पाय ढकलून पिंप आडवे पाडतो आणि हरणांना तेथे फिरकू देत नाही. खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरांची शिकार करण्यासाठी २०१९ पासून परवानाही लागत नाही, तरीही केवळ बंदुकीने हा प्रश्न सुटत नाही, कारण उरलेले प्राणी अधिक सावध होतात. उपाय एकच टिकला: फीडरभोवती गोल कुंपण. १६ फूट लांब आणि ३४ इंच उंच असे लोखंडी जाळीचे तयार तुकडे शेतीच्या दुकानात मिळतात. ते टी आकाराच्या खांबांना घट्ट बांधायचे. मोठी हरणे त्यावरून सहज उडी मारतात, डुकरे बाहेर राहतात. घेर मात्र मोठा ठेवावा. लहान घेरात हरणे शिरायला कचरतात आणि तबकडीने फेकलेला मका कुंपणाबाहेर पडून डुकरांनाच मिळतो. पाडसांना ही उंची जड जाते, आणि हा या कुंपणाचा खरा तोटा आहे.

कायद्याचा एक मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. हरणांसाठी मका चालतो, पण कबुतरवर्गीय डव्ह पक्ष्यांची शिकार आमिषावर करणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे, आणि मका पूर्णपणे उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच मानली जाते. येथे डव्हचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो. ऑगस्टमध्ये फीडर चालू करणाऱ्याने त्या परिसरात डव्हची शिकार करण्याचा विचार करू नये आणि पाहुण्यांनाही तसे आधीच सांगावे.

सर्वांत जास्त चिंता मला रोगाची वाटते. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रात प्रथम लक्षात आला. तो जीवाणू किंवा विषाणूमुळे होत नाही. प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे होतो, आणि ही प्रथिने लाळ, मूत्र व विष्ठेतून बाहेर पडून मातीत वर्षानुवर्षे टिकतात. त्यावर औषध नाही, लस नाही. टेक्सासमध्ये २०१२ साली राज्याच्या पश्चिम टोकाला म्यूल जातीच्या हरणांत आणि २०१५ साली मदिना काउंटीतील बंदिस्त पांढऱ्या शेपटीच्या हरणांत तो सापडला. एरवी विखुरलेली हरणे एकाच जागी तोंडे खुपसू लागली की अशा रोगाला वाट मिळते, हे समजायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. मिशिगन राज्याने २०१९ मध्ये आपल्या खालच्या द्वीपकल्पात हरणांसाठी आमिष टाकणे याच कारणाने बंद केले. म्हणूनच नळीतून तोंडाशी दाणा देणारा ग्रॅव्हिटी फीडर मी घेणार नाही. त्यात एकाच तोंडाला अनेक हरणांची लाळ लागते. फिरत्या तबकडीचा मका निदान विखुरला तरी जातो. आमच्या परिसरात रोगाची नोंद झाली, तर यंत्र त्याच दिवशी उतरवायचे असे आम्ही लीजमधील सर्वांनी आधीच ठरवले आहे आणि जमीनमालकांना तसे कळवलेही आहे.

मक्यावर हरीण मारणे उचित आहे का, हा प्रश्न येथील जुन्या शिकाऱ्यांतही वादाचा आहे. सीडरच्या दाट झुडपांत हरीण क्षणभर दिसते, आणि घाईने झाडलेल्या गोळीने जखमी झालेला प्राणी हाती न लागता कुठेतरी तडफडत मरतो. फीडरपासून ऐंशी-नव्वद यार्डांवरील मचाणात बसून मादी आहे की कोवळा नर, तिच्यामागे पाडस आहे का, प्राणी आडवा उभा आहे का, हे सगळे शांतपणे पाहता येते आणि शंका असेल तर गोळी न झाडता उठता येते. आमच्या गटातील तरुणांना संयम शिकवण्यास याचा मोठा उपयोग झाला. दुसरीकडे, घड्याळाकडे पाहत बसण्याची सवय लागली तर वाटा, माग आणि वारा वाचण्याचे कौशल्य मागे पडते. त्यामुळे आठवड्यात शिकारीसाठी दोनदा दबा धरून बसायचे, तर त्यांपैकी एकदा फीडरपासून दूर, ओढ्याकाठी बसायचे, असा नियम आम्ही केला आहे.

ज्यांना घरात मांस हवे आहे, जमिनीची मर्यादित माहिती आहे आणि महिन्यातून दोनदा तरी देखभालीला जाता येते, त्यांना तबकडीचा फीडर, पिंजरा आणि कुंपण हे तिन्ही मिळून मी सुचवीन. कुंपणाचे पैसे नसतील तर फीडरही घेऊ नये. मोठ्या शिंगांच्या नराच्या आशेने घेणाऱ्यांची निराशा होईल. फेब्रुवारीत आम्ही दाण्याचे सेकंद टप्प्याटप्प्याने कमी करत यंत्र बंद केले, पिंप रिकामे करून धुतले आणि बॅटरी घरी आणली. दुसरा फीडर घ्यावा असा प्रस्ताव गटात होता. त्याऐवजी ते पैसे ओकच्या झाडांभोवती वाढलेले सीडर तोडण्यासाठी आणि खालचा रानपाला पुन्हा वाढू देण्यासाठी वापरायचे ठरले असून, आहे तोच फीडर पुढच्या हंगामात ओढ्यापलीकडील नव्या जागेवर उभा राहील.