योकुल्सार्लोन की फ्यालसार्लोन: बोटीचे पैसे कुठे घालावेत?

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्याने गाडी हाकत निघालात की हिमखंडांची दोन तळी लागतात, आधी फ्यालसार्लोन आणि तिथून जेमतेम दहा किलोमीटरवर योकुल्सार्लोन. दोन्ही रिंग रोडलगत (देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता) आहेत, तेव्हा 'कुठलं बघू?' हा प्रश्नच नाही. दोन्ही बघा. काठावर उभं राहायला तिकीट नाही (योकुल्सार्लोनला पार्किंगचे पैसे तेवढे पडतात). खिशाला चटका बसतो तो बोटीचा, आणि चौघांची तिकिटं रुपयांत मोजून पाहिली की दोन्हीकडे बोटीत बसायचा उत्साह आपोआप मावळतो. तेव्हा बोट कुठल्या एका तळ्यावर घ्यायची, ठरवायचं आहे ते एवढंच.

योकुल म्हणजे हिमनदी, फ्याल म्हणजे डोंगर आणि लोन म्हणजे तळं. एक हिमनदीच्या ओढ्याचं तळं, दुसरं डोंगराच्या ओढ्याचं. नावांतच दोघांतला फरक बराचसा कळतो.

योकुल्सार्लोन हे वयाने आपल्या पणजोबांपेक्षा लहान असेल. वात्नायोकुल या अवाढव्य हिमटोपाने आइसलँडची सुमारे आठ टक्के जमीन झाकली आहे. त्याची एक जीभ, म्हणजे त्यातून खाली उतरणारी हिमनदी, पूर्वी समुद्राच्या अगदी जवळ येऊन पोचली होती. ती मागे हटू लागली आणि 1934-35च्या सुमारास तिच्या पुढ्यात पाणी साचायला लागलं. बर्फाने खाली कोरून ठेवलेला खड्डा इतका खोल होता की आज हे देशातलं सर्वांत खोल तळं आहे, सुमारे 248 मीटर. तळ्यातून निघणारी नदी काही शे मीटर वाहते न वाहते तोच समुद्राला मिळते. त्यामुळे भरतीला समुद्राचं पाणी उलटं आत शिरतं, त्यामागून मासे येतात आणि माशांमागून सील. काठावर पाच मिनिटं शांत उभे राहिलात तर पाण्यातून एखादं काळं डोकं वर येऊन तुमच्याकडे बघतं.

हिमखंड इथे मोठे असतात आणि भरपूर असतात. काही दुधासारखे पांढरे, काही निळेशार, तर काहींवर ज्वालामुखीच्या राखेचे काळे पट्टे. निळा तो ताज्या तुटलेल्या किंवा नुकत्याच कुशीवर वळलेल्या खंडाचा रंग. आतली हवा दाबाने निघून गेलेला घट्ट बर्फ लाल प्रकाश पिऊन टाकतो आणि निळा तेवढा परत पाठवतो. हवा लागली, पृष्ठभाग झिजला की तो पांढरा पडतो. हे सगळं काठावरूनच दिसतं. दिसत नाही ती हिमनदी. ती आता इतकी मागे गेली आहे की क्षितिजावर नुसती पांढरी चादर वाटते.

फ्यालसार्लोनचं उलटं आहे. तळं लहान, खंड कमी आणि आकारानेही बेताचे. भरती-ओहोटी नाही, म्हणून सीलही नाहीत. पण हिमनदी समोरच्या डोंगरावरून थेट पाण्यात उतरते आणि तिचा भेगाळलेला कडा काठावरूनही स्पष्ट दिसतो. गर्दीही कमी. एक तोटा मात्र सांगायलाच हवा. ढग खाली उतरले की मागचा डोंगर गायब होतो आणि अर्धा देखावा त्याच्याबरोबर जातो. योकुल्सार्लोन अशा करड्या दिवशीही निराश करत नाही, कारण तिथलं सगळं नाटक पुढ्यातच चाललेलं असतं.

आता बोटी. योकुल्सार्लोनला दोन प्रकार आहेत. पहिली चाकांवर जमिनीवरून निघून तशीच पाण्यात उतरणारी जाडजूड गाडी-बोट, सैन्याच्या जुन्या वाहनांतली. साधारण अर्ध्या-पाऊण तासाची फेरी. गाइड बर्फाचा तुकडा हातात देऊन तो हजारेक वर्षांचा असल्याचं सांगतो. चाखून बघा, चव पाण्याचीच. दुसरी झोडियाक, म्हणजे रबरी वेगवान बोट. ती तासाभराची असते आणि वाटेतला बर्फ जाऊ देईल तितकं हिमनदीच्या दिशेने नेते. फ्यालसार्लोनला फक्त झोडियाक. फेरी थोडी आटोपशीर, पण अंतरच कमी असल्याने बराचसा वेळ कड्यासमोर मिळतो.

माझं मत सरळ आहे: योकुल्सार्लोन पायी, फ्यालसार्लोन बोटीने. जे काठावरून फुकट दिसतं तेच गाडी-बोटीतून पुन्हा बघायला पैसे कशाला? सोबत गुडघे दुखणारे आई-बाबा किंवा कडेवरचं बाळ असेल तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेवा आणि गाडी-बोटच घ्या. झोडियाकच्या काठावर बसावं लागतं, वारा तोंडावर येतो आणि लहान मुलांना वयाची अट असते.

वाचलेले पैसे मी स्काफ्ताफेलला हिमनदीवर चालण्यात घालेन. योकुल्सार्लोनच्या अलीकडे तासाभराच्या आत हे ठिकाण लागतं. बुटांना खिळ्यांचे क्रॅम्पॉन बांधून, गाइडच्या मागे रांगेत चालायचं. घोट्यापर्यंतचे जाड बूट लागतात. स्पोर्ट्स शूजवर क्रॅम्पॉन नीट बसत नाहीत, पण बूट तिथे भाड्याने मिळतात. ही सहल बारा महिने चालते. निळ्या हिमगुहा मात्र हिवाळ्यातल्याच, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात वितळत्या पाण्याने बर्फ पोखरलेला असतो. ऑगस्ट 2024मध्ये योकुल्सार्लोनमागच्याच ब्रेदामेर्कुर्योकुल या हिमनदीवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला. तेव्हा उन्हाळ्यात या हिमनदीवर कुणी गुहा दाखवतो म्हणालं तर नाही म्हणा.

रेक्याविकहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या बससहली आहेत. एका बाजूचं अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चौदा-पंधरा तास गेले आणि त्यातला बहुतेक वेळ खिडकीतून बाहेर बघण्यात. जूनमध्ये रात्र होतच नाही, तेव्हा एक वेळ चालेल. डिसेंबरात उजेडच चार-पाच तासांचा असतो, तिथे हा हट्ट नको. वाटेतल्या वीक गावी किंवा पुढे हॉफ्नला एक मुक्काम टाका. हिवाळ्यात स्वतः गाडी चालवणार असाल तर सकाळी रस्त्यांची स्थिती बघितल्याशिवाय किल्ली फिरवू नका. वाऱ्यामुळे रस्ते बंद होतात.

सुट्ट्यांचं गणित आपल्याकडच्यांना थोडं जड जातं. मे महिना उत्तम: बोटी सुरू झालेल्या, दिवस लांब. दिवाळीची सुट्टी मात्र नेमकी फटीत सापडते. ऑक्टोबरअखेर बोटी आवरत्या घेतात आणि गुहा अजून नीट उघडलेल्या नसतात. तारखा बदलत असतात, तेव्हा विमानाच्या आधी बोटीचं वेळापत्रक बघा. त्या दिवसांत जाणं झालंच तर हिमनदीवरची चाल आहेच. शिवाय योकुल्सार्लोनसमोर रस्ता ओलांडला की काळ्या वाळूचा किनारा आहे. तिथे समुद्राने परत फेकलेले बर्फाचे तुकडे काचेसारखे पडलेले असतात, कधी शेकड्याने, कधी चार-दोनच. फोटो काढताना लाटांकडे पाठ करू नका आणि मोठ्या तुकड्यांवर मुलांना चढवू नका. पुढची लाट तुकड्यासकट ओढून नेते.