थिरथिऱ्यासाठी काय ठेवाल: ज्वारी, अळ्या की पाण्याचं परळ?

चिमण्यांच्या दाण्यापाशी थंडीत एखादा काळसर, विटकरी पोटाचा पक्षी येऊन शेपटी थरथरवू लागला, की आपण हौसेनं आणखी दोन मुठी ज्वारी टाकतो. मीही टाकली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तो थिरथिरा. हिमालय, तिबेट, मध्य आशियाकडून उतरणारा किडेखाऊ. त्याच्या बारीक चोचीला ज्वारी फुटत नाही.

म्हणून खर्चाआधी चोच बघा. जाड, शंकूसारखी असेल तर पाहुणा भारीट किंवा गुलाबी चटक. त्यांना दाणा चालतो. सोलापूरच्या कडेला, शाळूच्या रानालगत घर असेल तर दाण्याचं भांडं लावण्यात अर्थ आहे. गावात मात्र पारवे निम्मं उडवतात, सांडलेल्यावर रात्री उंदीर येतात. फरसाण, शेंगाचटणी लागलेली भाकरी अजिबात नको; मीठ-तिखट पाखरांसाठी नव्हे.

सुकवलेल्या अळ्या ऑनलाइन मिळतात. थिरथिऱ्याला त्या खऱ्या उपयोगाच्या, पण महाग, आणि भिजवून द्याव्या लागतात. गव्हाच्या कोंड्यात घरी वाढवता येतात, पण डबा स्वयंपाकघरात ठेवायला घरचे तयार हवेत! आमच्याकडे नव्हते.

माझं मत परळाला. मातीचं, उथळ, पाणी दोन इंचांच्या आत, मध्ये एक खडबडीत दगड. रोज ब्रशनं घासायचं. शेवाळ धरलेल्या पाण्यापेक्षा रिकामं परळ बरं. सोबत परसातला एक कोपरा झाडायचा नाही. कढीलिंबाखालचा ओलसर पाला म्हणजे कोळी, मुंग्या, भुंगेरे: फुकटातल्या अळ्याच. कीटकनाशक फवारणार असाल तर बाकी सगळा खटाटोप सोडा. पाण्यावर चिमण्या-बुलबुलही येतात, त्यामुळे पाहुणा फिरकला नाही तरी मेहनत वाया जात नाही. मांजर फिरत असेल तर परळ झुडपापासून दूर, मोकळ्यावर ठेवा.

पकडून पिंजऱ्यात ठेवण्याचा विचार असेल तर तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा.

आणि स्कूटरच्या आरशावर फडकं टाका. हिवाळ्यातही हा आपली हद्द राखतो, आरशातल्या थिरथिऱ्याला घुसखोर समजून टोचा मारत बसतो.